चक्कर येते तेव्हा नेमके काय होते आणि डॉक्टरांकडे कधी धाव घ्यावी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे ते इतरांनाही कळेल. तुमच्या आईंचे वय ६७ आहे, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, मधुमेह नाही. गेले दोन महिने त्यांना अंथरुणात कूस बदलताना आणि पहाटे उठताना घर फिरल्यासारखे होते आणि एकदा उलटीही झाली. एका डॉक्टरांनी पित्ताचे औषध दिले. दुसऱ्यांनी मानेचा एक्स-रे काढला, मणक्यांत गॅप आहे असे सांगितले आणि पट्टा दिला. तेव्हापासून चक्करेची गोळी दिवसातून तीन वेळा सुरू आहे. मेंदूचा एमआरआय करावा का, आणि चक्कर आल्यावर घाबरून कधी धावावे, हे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे मिनिटांना किंमत असते.

चक्कर अचानक सुरू झाली आणि सोबत बोलणे जड किंवा बोबडे झाले, एकाचे दोन दिसू लागले, पाण्याचा घोट गिळताना ठसका लागू लागला, तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला किंवा बधिर झाला, अथवा पूर्वी कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी किंवा मानेमागे कळ उठली, तर सकाळची वाट पाहू नये. जवळच्या छोट्या दवाखान्यात सलाईन लावून घेण्यात वेळ न घालवता स्कॅनची आणि पक्षाघाताच्या उपचारांची सोय असलेले रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर १०८ वर फोन करावा.

एक लक्षण मी यातून मुद्दाम वेगळे काढले आहे, कारण ते घरच्यांच्याच काय, पण कधी कधी आम्हा डॉक्टरांच्याही नजरेतून सुटते. ते म्हणजे आधाराशिवाय उभे राहता किंवा बसताच न येणे. कानाच्या चक्करेचा रुग्ण कितीही घाबरलेला असला, तरी बहुधा भिंतीला धरून, झोकांड्या खात का होईना, मोरीपर्यंत जातो. लहान मेंदूला रक्त पुरवणारी नळी बंद झाली असेल, तर हातापायांत पूर्ण ताकद असूनही माणसाला खाटेच्या काठावर सरळ बसता येत नाही. तो एका बाजूला कलंडतो. काही वर्षांपूर्वी साठीच्या आतबाहेरच्या एका शेतकऱ्याला घरच्यांनी माझ्याकडे आणले, तेव्हा दुपार झाली होती. आदल्या रात्री जेवणानंतर गरगरून उलट्या सुरू झाल्या होत्या. हात उचलता येतात, पाय हलतात, बोलणे नीट आहे, मग लकवा कसा असेल, असा विचार करून सर्वांनी पित्त ठरवले आणि रात्रभर गावातच सलाईन चालले. मी त्यांना खाटेवर उठवून बसवले आणि हात सोडला, तर ते उशी पडावी तसे डावीकडे पडले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा पक्षाघात सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ती वेळ तर रात्रीच निघून गेली होती. ते वाचले, पण चालायला काठी लागली ती कायमची. म्हणून मी प्रत्येकाला विनवून सांगतो की, उलट्या करणाऱ्या माणसाला निदान एकदा आधार देऊन बसवून, उभे करून पाहा, आणि तो शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लिहून ठेवा. रुग्णालयात सर्वांत आधी तीच विचारली जाते. वाटेत पाणी, चहा, ॲस्पिरिन किंवा रक्तदाबाची जादा गोळी काहीही देऊ नये. गिळण्यात दोष असेल तर ते श्वासनलिकेत जाते, आणि मेंदूत रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढू शकतो.

याच ठिकाणी स्कॅनबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. मेंदूच्या मागच्या भागातला ताजा पक्षाघात सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाही, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयही कधी चकवतो. रुग्णाला उभे राहता येत नसेल, तर ‘स्कॅन नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानून घरी नेऊ नये.

मेंदूखेरीज इतर काही प्रसंगांतही तितकीच घाई करावी लागते. श्रम करताना किंवा जिना चढताना आलेली भोवळ, पडून असतानाच आलेली, काहीही पूर्वसूचना न देता आलेली, किंवा छातीत धडधड, दुखणे, दम लागणे यांच्यासोबत आलेली भोवळ हृदयाची असू शकते, आणि तिथे ईसीजी लगेच हवा. मधुमेहाच्या जुन्या रुग्णाला हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखेलच असे नाही. दरदरून घाम, चक्कर आणि अस्वस्थपणा एवढेच दिसू शकते. मासिक पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर गर्भ नळीत राहून नळी फुटल्याची शक्यता असते. गुडघेदुखीच्या गोळ्या नेहमी घेणाऱ्यांना डांबरासारखी काळी, चिकट शौच होऊन चक्कर येत असेल, तर पोटात रक्तस्राव होत असण्याचा संभव आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते हे खरे, पण तो निर्णय घरी करू नये. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूच्या रुग्णाचा ताप उतरला की घरचे निश्चिंत होतात, मात्र नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर झिरपून रक्तदाब ढासळण्याचा धोका असतो. ताप गेल्यावर चक्कर, पोटदुखी किंवा सतत उलट्या झाल्या तर तो बरे होण्याचा अशक्तपणा समजू नका. डोक्याला मार लागल्यानंतरची चक्कर, विशेषतः रक्त पातळ होण्याची गोळी चालू असताना, दुसऱ्या दिवशी आली तरी दाखवावी.

आणखी एका कारणाकडे फार दुर्लक्ष होते. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल, दार-खिडकी बंद असेल आणि आंघोळ करताना कोणाला चक्कर आली, डोके दुखले किंवा मळमळले, तर ती व्यक्ती कार्बन मोनॉक्साइडच्या विळख्यात असू शकते. या वायूला वास नाही, रंग नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही अशा वेळी खोटा चांगला आकडा दाखवतो. दार उघडून त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि थेट रुग्णालयात न्यावे, आणि तिथे गीझरचा उल्लेख आवर्जून करावा. पिकावर फवारणी करून आलेल्या माणसाला चक्कर, घाम, लाळ आणि अंधुक दिसणे सुरू झाले तर फवारलेल्या औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल सोबत न्यावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जे मृत्यू झाले, त्यानंतर तरी ही सवय घरोघरी लागायला हवी होती.

आता तुमच्या आईंकडे वळतो. त्यांच्या चक्करेत वरचे काहीच नाही, आणि तरीही ती खरी आहे व त्रासाची आहे.

मराठीत आपण चक्कर या एका शब्दात निदान चार वेगळ्या तक्रारी सांगतो. घर फिरते ते गरगरणे वेगळे. उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन शुद्ध जाईल असे वाटते, ती भोवळ किंवा घेरी वेगळी. डोके साफ असते, पण पाय सरळ पडत नाहीत, ते तोल जाणे वेगळे. आणि डोके हलके, पोकळ वाटते, गर्दीत किंवा रिकाम्या पोटी वाढते, ते चौथे. रुग्णाला हे शब्द नेहमी निवडता येतात असे नाही, म्हणून मी शब्दांवर फार विसंबत नाही. मी तीन गोष्टी विचारतो: एक फेरा किती वेळ टिकतो, तो कशाने सुरू होतो, आणि सोबत काय असते. या तिन्हींची उत्तरे नीट मिळाली की बहुतेक वेळा निदान बोलण्यातच होते आणि तपासणी ते पक्के करते. तुमच्या पत्रात यांपैकी दोन उत्तरे आहेतच: फेरा कूस बदलताना आणि उठताना सुरू होतो, आणि सोबत एकदा उलटी झाली. किती वेळ, ते तुम्ही लिहिलेले नाही, पण आईंना विचारा; माझा अंदाज आहे की त्या एक मिनिटाच्या आतले काही सांगतील, जरी त्यानंतरची मळमळ तासभर राहत असली तरी.

हे खरे असेल, तर त्यांच्या कानातील खडे जागेवरून सरकले आहेत. खडे म्हटल्यावर मूतखड्यासारखे काही डोळ्यांपुढे येते, म्हणून स्पष्ट करतो. आंतरकर्णात तोल सांभाळणारी जी यंत्रणा आहे, तिच्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय सूक्ष्म कण एका चिकट पापुद्र्यावर बसलेले असतात. वयानुसार, डोक्याला मार लागल्याने किंवा काही कारण नसतानाही त्यांतले काही सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत पडतात. नलिकेत द्रव असतो. डोके विशिष्ट दिशेने वळले की कण त्या द्रवातून घरंगळतात, द्रव हलतो, आणि डोके स्थिर असूनही मेंदूला ‘आपण फिरतो आहोत’ असा निरोप जातो. कण तळाला टेकले की फिरणे थांबते. म्हणून ही चक्कर सेकंदांची असते, आणि म्हणूनच ती कूस बदलताना, उठताना, केस धुण्यासाठी वाकताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला वर पाहताना येते. वैद्यकीय भाषेत तिला बीपीपीव्ही म्हणतात, आणि गरगरण्याच्या कारणांत ती सर्वांत जास्त आढळते.

मानेच्या मणक्यांवर खापर फुटते ते इथेच. वर पाहिले की चक्कर येते, म्हणजे मान दोषी, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण मान हलते तेव्हा डोके हलते आणि डोक्यासोबत कान हलतो. साठी उलटलेल्या बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसणारच, चक्कर असो वा नसो. ती दिसली म्हणजे कारण सापडले असे नाही. पट्ट्याने मान जखडून जाते, डोके मोकळे हलत नाही आणि तोल सुधारण्याची मेंदूची सवय मोडते. हात सुन्न होणे, बोटांतली पकड जाणे, मानेतून हातात कळ उतरणे असे काही नसेल, तर पट्टा काढून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारा.

तपासणी कशी होते ते सांगतो, म्हणजे आईंच्या मनाची तयारी राहील. त्यांना तपासणीच्या टेबलावर पाय लांब करून बसवतील, डोके एका बाजूला ४५ अंशांत वळवतील आणि त्याच स्थितीत पटकन मागे झोपवतील, इतके की डोके टेबलाच्या कडेखाली थोडे लोंबेल. डोळे उघडे ठेवायचे असतात, आणि हेच सर्वांत अवघड जाते, कारण चक्कर आली की कोणीही डोळे गच्च मिटतो. पहिले काही क्षण काहीच होत नाही. मग बुबुळे हलू लागतात: कपाळाच्या दिशेने आणि त्याच वेळी खालच्या कानाकडे पीळ घेत, झटक्याझटक्याने. रुग्ण माझे मनगट घट्ट धरतो. वीस-तीस सेकंदांत हालचाल मंदावते आणि थांबते. या चाचणीला डिक्स-हॉलपाइक म्हणतात; ती १९५२ पासून वापरात आहे आणि तिला टेबल व पाहणाऱ्याची नजर यांपलीकडे काही लागत नाही. कोणत्या कानातले खडे सरकले आहेत ते तिच्यातूनच कळते.

उपचारही त्याच टेबलावर होतो. डोके ठरावीक क्रमाने वळवत, प्रत्येक स्थितीत थोडा वेळ थांबत कणांना नलिकेतून पुन्हा पिशवीत आणायचे असते. अमेरिकेतील जॉन एप्ली या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ही पद्धत बसवली आणि १९९२ मध्ये मांडली. तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. पाच-दहा मिनिटे लागतात, आणि बहुतेकांना एक-दोन वेळा केल्यावर आराम पडतो. दोन महिने गोळ्या खाऊन कंटाळलेला माणूस खाटेवरून उठून, पुन्हा त्याच कुशीवर झोपून पाहतो आणि काहीच फिरत नाही म्हणून चकित होतो, तो क्षण इतक्या वर्षांनंतरही मला मनापासून आनंद देतो. यूट्यूबवर पाहून पहिल्यांदाच घरी करू नका. बाजू चुकली तर उपयोग होत नाही, कण दुसऱ्या नलिकेतही जाऊ शकतात, आणि मानेचा गंभीर आजार किंवा डोळ्याचा पडदा सरकण्याचा इतिहास असेल तर पद्धत बदलावी लागते. एकदा शिकवल्यावर मात्र पुढच्या वेळी घरी करता येते, आणि पुढची वेळ येऊ शकते, कारण हा त्रास उलटतो. उलटला म्हणजे उपचार फसला असे समजू नये.

याउलट गरगरणे सेकंदांचे नसून अखंड दिवस-दोन दिवस टिकले आणि ऐकू नीट येत असले, तर कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या मज्जातंतूला सूज आलेली असू शकते. पण पहिल्या दिवशी ते आणि पक्षाघात एकमेकांसारखे दिसतात, म्हणून अशी अखंड चक्कर जाणकाराने डोळ्यांच्या हालचाली पाहूनच वेगळी करावी. फेरा अर्धा-एक तास ते काही तास टिकतो, त्याच वेळी एका कानात दडा बसतो, घूं घूं आवाज येतो आणि ऐकू कमी येते, तेव्हा मेनिएर या आंतरकर्णाच्या आजाराचा विचार करावा लागतो. एका कानाचे ऐकणे अचानक, एका दिवसात गेले तर ‘मळ असेल’ म्हणून आठवडा घालवू नका. तिथे औषध पहिल्या काही दिवसांतच चांगले लागू पडते. अर्धशिशी असलेल्यांना, विशेषतः स्त्रियांना, डोके न दुखताही चक्करेचे फेरे येतात, उजेड आणि आवाज सहन होत नाही. आपल्याकडे ‘पित्त’ म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढल्या जाणाऱ्या कितीतरी चकरा या अर्धशिशीच्याच असतात.

उभे राहिल्यावर अंधारी येणाऱ्यांचा रक्तदाब मात्र झोपून आणि उभे करून, दोन्ही वेळा मोजावा. पाच मिनिटे पडून राहिल्यावर एकदा, मग उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर कारण सापडले. नुसता बसवून घेतलेला रक्तदाब अगदी छान दिसतो आणि फसवतो. तुमच्या आई रक्तदाबाची गोळी घेतात, म्हणून हे त्यांच्या बाबतीतही एकदा पाहावे. पुरुषांत प्रोस्टेटसाठी दिलेले टॅम्सुलोसिन, शिवाय लघवी वाढवणाऱ्या आणि झोपेच्या गोळ्या हीही नेहमीची कारणे आहेत. घसरण आढळली तरी गोळी स्वतः बंद करू नये. मात्रा आणि वेळ डॉक्टरांनी बदलायची असते. मधुमेहाच्या रुग्णाने चतुर्थीचा किंवा नवरात्राचा उपवास धरला आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणेच घेतले, तर साखर ७० च्या खाली जाऊन चक्कर, घाम आणि थरथर होते. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालू नये. गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरते, त्यामुळे बरे वाटले तरी डॉक्टरांना कळवावे. भोवळ येऊन पडलेल्याला उठवून बसवू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. आडवे ठेवून पाय उंच करावेत, तेवढ्याने मेंदूला रक्त मिळते.

चक्करेच्या गोळ्यांबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचे आहे. प्रोक्लोरपेराझिन, सिनॅरिझिन यांसारखी औषधे तीव्र उलट्यांच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत उपयोगी पडतात. त्यांनी खडे हलत नाहीत. ती महिनोन्‌महिने चालू राहिली तर मेंदूला तोल नव्याने शिकू देत नाहीत, झोप आणतात, आणि वयस्क माणसांत हातांना कंप, चालीत ताठरपणा, चेहऱ्यावरचे भाव हरवणे असा पार्किन्सनसारखा त्रास निर्माण करतात. मी असे रुग्ण पाहिले आहेत, ज्यांना नंतर त्या कंपासाठी दुसरी गोळी सुरू झाली होती. आईंची गोळी कोणती आहे ते पाकिटावर पाहा आणि ती थांबवण्याबद्दल या भेटीतच विचारा.

एमआरआय आता नको. डिक्स-हॉलपाइक चाचणीत डोळ्यांची ठरावीक हालचाल दिसली, फेरे सेकंदांचेच आहेत आणि चालणे-बोलणे नीट आहे, तर त्यातून काही नवे कळणार नाही. चाचणीत काहीच दिसले नाही, डोळे वेगळ्याच दिशेने हलले, उपचार दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही, किंवा तोल दिवसभर जाऊ लागला, तर मात्र तो करावा. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा मज्जातंतू तज्ज्ञ यांच्याकडे वेळ घेताना ‘डिक्स-हॉलपाइक चाचणी आपण करता का’ असे फोनवर विचारायला संकोचू नका.

भेट होईपर्यंत आईंनी उठताना आधी कुशीवर यावे, मग काठावर मिनिटभर बसावे आणि नंतर उभे राहावे. रात्री मोरीच्या वाटेवर दिवा असू द्या, सतरंजीचा दुमडलेला कोपरा काढून टाका, कारण या वयात चक्करेपेक्षा पडून मोडलेले खुब्याचे हाड जास्त नुकसान करते. स्टुलावर चढणे आणि माळ्यावरचे काढणे काही दिवस दुसऱ्या कोणी करावे. आणि उजव्या कुशीवर वळताना घर जास्त फिरते की डाव्या, एवढे आजच त्यांना विचारून लिहून ठेवा. डॉक्टर तपासणीला त्याच बाजूने सुरुवात करतील.